मूल म्हणालं, "शाळेत मला त्रास देतात", तर काय करावं

मी वर्गशिक्षिका आहे. अशी तक्रार आली की आधी मूल बोलेल तेवढं बोलू द्या. "तू काय केलं होतंस?" हे त्या वेळी विचारूच नका, मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

ऐकलेलं त्याच दिवशी मुलाच्या शब्दांत लिहून काढा: कोण, कुठे, कधी, कोणी पाहिलं. मोबाईलवरचे मेसेज पुसू देऊ नका, स्क्रीनशॉट घ्या. गुपित ठेवायचं वचन मात्र देऊ नका.

भांडण की छळ, हे ओळखायला मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांच्या तीन खुणा मला फार उपयोगी पडतात: मुद्दाम केलेलं, वारंवार घडणारं आणि ताकदीत तफावत असलेलं. छळ असेल तर दोघांना समोरासमोर बसवून "सॉरी म्हण, हात मिळवा" अजिबात करू नका. घाबरलेलं मूल तिथे मान हलवतं आणि बाहेर गेल्यावर त्याची किंमत मोजतं. दोघांशी वेगवेगळं बोला. बघ्यांशीही बोला, कारण पुष्कळदा छळ त्यांच्या हसण्यावरच पोसला जातो.

स्वच्छतागृह, जिना, बस अशा ठिकाणी मोठं माणूस हजर ठेवा. बाक बदलायचाच असेल तर त्रास देणाऱ्याचा बदला.

पालकांना नुसतं "लक्ष ठेवू" सांगू नका. काय केलं आणि पुन्हा कधी बोलणार, ते कळवा. काही दिवसांनी मुलाला बाजूला घेऊन स्वतः विचारा.

जीव द्यायची भाषा, गंभीर मारहाण किंवा लैंगिक त्रास असेल तर स्वतः चौकशी करत बसू नका. मुलाला एकटं सोडू नका आणि मुख्याध्यापकांना त्याच क्षणी सांगा.