इंग्लंडमध्ये पुढेमागे घर घ्यायचंय? मग पहिल्या वर्षीच हे ठरवा

भारतातून नवीन आलेलं कुटुंब पहिले सहा महिने प्रत्येक गोष्टीचे रुपये करत बसतं. केस कापायला दीड-दोन हजार? कोथिंबिरीची जुडी शंभर रुपयांना? हे अगदी स्वाभाविक आहे. पण याच काळात हीच मंडळी चार वर्षांच्या हप्त्यांवर गाडी घेतात, स्टेशनजवळचा महागडा फ्लॅट भाड्याने घेतात आणि पुण्यात 'गुंतवणूक म्हणून' फ्लॅट बुक करून मोकळी होतात. मी लंडनजवळच्या स्लाऊमध्ये बरीच वर्षं राहतोय आणि नवीन आलेल्यांशी माझं बोलणं बहुतेक याच विषयावर होतं. माझं मत ठाम आहे. इथे घर होतं की नाही हे चार-पाच मोठ्या निर्णयांवर ठरतं, आणि ते निर्णय बहुधा पहिल्या वर्षातच घेतले जातात. ते नीट घेतले तर रोजच्या खर्चात जीव मारायची गरज पडत नाही.

आधी गणित मांडू. बँका साधारणपणे वार्षिक उत्पन्नाच्या साडेचार पटीपर्यंत कर्ज देतात. नवऱ्याचा पगार 45,000 पौंड आणि बायकोचा 30,000 धरला, तर 75,000 वर जास्तीत जास्त 3,37,500 पौंडांचं कर्ज होईल. घर 4 लाखांचं असेल तर उरलेले 62,500 पौंड, म्हणजे डिपॉझिट, तुम्ही उभे करायचे. त्यावर स्टँप ड्युटी, सॉलिसिटर (खरेदीचे कागद करणारा वकील), घराचा सर्व्हे आणि सामान हलवण्याचा खर्च वेगळा. म्हणजे 'दहा टक्के डिपॉझिट भरलं की झालं' असं कोणी सांगितलं, तरी तुमच्या पगाराला तो हिशेब लागू पडेलच असं नाही.

आता ज्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त पैसे जातात आणि ज्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं, तो भारतातल्या फ्लॅटचा. इंग्लंडमध्ये स्टँप ड्युटी ठरवताना तुमच्या नावावर जगात कुठेही घर आहे का हे पाहिलं जातं. पुणं, नाशिक, ठाणं, सगळं त्यात आलं. एप्रिल 2025 पासूनच्या दरांनी 4 लाखांच्या घराचा हिशेब करून बघा. आयुष्यातलं पहिलंच घर घेणाऱ्याला 5,000 पौंड भरावे लागतात. पूर्वी कधी घर नावावर होतं, पण आता नाही, अशा माणसाला 10,000. आणि आजही भारतात 40,000 पौंडांचं किंवा त्याहून जास्त किमतीचं घर नावावर असेल, तर वर पाच टक्के अधिभार लागून एकूण 30,000. म्हणजे पुण्यात फ्लॅट ठेवून इथे घर घेणारा त्याच घरासाठी पहिलंच घर घेणाऱ्यापेक्षा 25,000 पौंड जास्त मोजतो. महिन्याला हजार पौंड बाजूला टाकणाऱ्या कुटुंबाची ही दोन वर्षांहून जास्त बचत झाली. घर बायकोच्या एकटीच्या नावावर असलं तरी नवऱ्याची सुटका नाही, कारण या अधिभारासाठी नवरा-बायको एकच धरले जातात. वडिलांनी बक्षीसपत्राने दिलेलं किंवा वारसाने आलेलं घरही 'पहिलं घर' ही सवलत घालवू शकतं. पूर्वी स्वतः राहत असलेलं घर विकलं असेल तर काही परिस्थितीत अधिभार माफ होतो किंवा परत मिळतो, पण त्याच्या मुदती आणि अटी सॉलिसिटरकडून आधीच समजून घ्या.

तिकडचा फ्लॅट विका असं मी कुणाला सांगत नाही. आई-वडील त्यात राहत असतील तर प्रश्नच मिटला. पण नवीन फ्लॅट बुक करायच्या आधी किंवा वडील 'तुझं नाव लावून टाकतो' म्हणाले की हा 25,000 चा आकडा त्यांच्यासमोर ठेवा. विकायचं ठरलंच तर वेळ हाताशी ठेवा. विकणारा अनिवासी असला की खरेदीदाराला टीडीएस कापावा लागतो, आणि तो कमी व्हावा म्हणून आयकर खात्याचं प्रमाणपत्र काढण्यात काही आठवडे सहज जातात.

ज्यांच्या नावावर कधीच, कुठेही घर नव्हतं, त्यांच्यासाठी लाइफटाइम आयसा नावाचं बचत खातं आहे. वयाच्या 18 ते 39 या काळात ते उघडता येतं. वर्षाला 4,000 पौंडांपर्यंत भरा, सरकार त्यावर 25 टक्के, म्हणजे 1,000 पौंड घालतं. नवरा-बायको दोघांनी उघडलं तर वर्षाला 2,000 पौंड फुकटात मिळाले. घर साडेचार लाखांपर्यंतचंच हवं आणि पहिली रक्कम भरल्यापासून बारा महिने झालेले हवेत, म्हणून थोडीशी रक्कम टाकून खातं लवकर उघडून ठेवा. मात्र एक धोका ओळखून असा. घरासाठी न वापरता वयाच्या साठ वर्षांच्या आत पैसे काढले तर 25 टक्के कापून घेतात. 4,000 चे 5,000 झाले होते, त्यातले 1,250 गेले आणि हातात आले 3,750. स्वतःचेच अडीचशे बुडाले. दोन-तीन वर्षांत भारतात परतायचा विचार असेल तर या खात्याच्या वाटेला जाऊ नका, साधा कॅश आयसा (करमुक्त व्याजाचं बचत खातं) बरा.

मॉर्गेज ॲडव्हायझर, म्हणजे गृहकर्जाचा सल्लागार, तुमची बँक स्टेटमेंट तपासतो तेव्हा त्याची नजर कुठे अडते हे एकदा पाहण्यासारखं असतं. ओळखीतल्या एका जोडप्याबरोबर मी कागदपत्रं लावायला बसलो होतो. दोघं खजील झाली होती, कारण तीन महिन्यांच्या नोंदींत दर शुक्रवारी बाहेरचं जेवण दिसत होतं. ॲडव्हायझरने त्यावरून बोट सुद्धा फिरवलं नाही. तो थांबला गाडीच्या हप्त्याशी, मग नर्सरीच्या फीशी, आणि मग भारतात दर महिन्याला त्याच तारखेला जाणाऱ्या रकमेशी. 'ही कर्जाची परतफेड आहे की घरी मदत?' एवढंच त्याने विचारलं. पक्के बांधलेले हप्ते कर्जाची मर्यादा खाली आणतात, म्हणून गाडी शक्यतो जुनी आणि रोख घ्या. भारतीय लायसन्सवर इथे बारा महिने चालवता येतं, पण नवख्या माणसाचा विमा फार महाग पडतो. पहिलं वर्ष बस आणि रेल्वेवर काढता आलं तर उत्तमच.

भाड्याच्या घराचंही तसंच. भाडं, काउन्सिल टॅक्स (स्थानिक पालिकेचा कर) आणि रेल्वेचं तिकीट या तिन्हींची बेरीज करूनच गाव निवडा. आठवड्यातून दोनदाच लंडनच्या ऑफिसला जायचं असेल तर रेडिंग किंवा त्याच्याही पुढे राहणं परवडतं. रोज जायचं असेल तर स्वस्त भाड्याचा फायदा तिकीटच खाऊन टाकतं. काउन्सिल टॅक्स बहुतेक ठिकाणी एप्रिल ते जानेवारी असा दहा हप्त्यांत घेतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती रक्कम खात्यात शिल्लक दिसते, ती लगेच घराच्या खात्यात वळवा, नाहीतर कुठे गेली ते कळतही नाही.

रोजच्या खर्चात मोकळा हात ठेवा असं मी म्हणतो ते बेफिकिरीने नव्हे. कणकेची दहा किलोची गोणी, डाळी, तांदूळ, मसाले हे साउथॉल, स्लाऊ किंवा वेम्ब्लीच्या भारतीय दुकानातून महिन्याचं भरा. भाजी, दूध, अंडी आल्डी-लिडलमधून आणा. मेथी आणि भेंडी फ्रोझन चालते, चवीत फार फरक पडत नाही. एवढी घडी बसली की किराण्याचा विचार सोडून द्या. मुलांना शनिवारी पोहायला न्या, गणपतीला आणि दिवाळीला लोकांना घरी बोलवा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे, तिथल्या कार्यक्रमांना जा. पौंड-पौंड वाचवण्यासाठी पहिलं वर्ष चार भिंतींत काढलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. एकटेपणाला कंटाळून शेवटी ती जास्त खर्च करतात किंवा परत जातात.

घराची बचत करताना व्हिसाची पुंजी वेगळी हवी, ती डिपॉझिटमध्ये धरू नका. फेब्रुवारी 2024 पासून हेल्थ सरचार्ज (व्हिसाबरोबर सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायची रक्कम) मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 आणि लहान मुलाला 776 पौंड आहे, आणि तो सगळा आधीच भरायचा असतो. दोघं नवरा-बायको आणि एक मूल यांना तीन वर्षांची मुदतवाढ घ्यायची तर नुसता सरचार्ज 8,538 पौंड होतो, अर्जाची फी निराळी. काही कंपन्या हा खर्च उचलतात, त्यामुळे नोकरी घेतानाच लेखी विचारा. कायम वास्तव्याचा परवाना मिळाल्याशिवाय घर घेता येत नाही हा समज चुकीचा आहे. स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीच्या, व्हिसावर कर्ज देणाऱ्या बँका आहेत, अटी मात्र प्रत्येकीच्या वेगळ्या. 2025 मध्ये सरकारने त्या परवान्यासाठी लागणारी मुदत पाचावरून दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हापासून परवान्याकडे डोळे लावून बसणंही शहाणपणाचं राहिलेलं नाही.

लहान मुलं असतील तर आणखी एक. ऑफिसातले इंग्रज सहकारी आठवड्याला तीस तासांच्या मोफत नर्सरीबद्दल सांगतील. दोघांच्याही व्हिसावर सरकारी मदतीला मनाई असेल तर ती सोय तुम्हाला नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांचे पंधरा तास मात्र सगळ्यांना मिळतात. बजेट त्या हिशेबानेच करा.

क्रेडिट हिस्ट्री इथे शून्यापासून सुरू होते, भारतातला सिबिल स्कोअर कामाला येत नाही. भारतीय नागरिक कॉमनवेल्थचे म्हणून इथल्या मतदार यादीत नाव नोंदवू शकतात, हे पुष्कळांना माहीतच नसतं. नाव यादीत असलं की बँकेला तुमचा पत्ता पडताळता येतो, त्यामुळे भाड्याचं घर मिळाल्या आठवड्यातच नोंदणी करा. फोनचं काँट्रॅक्ट आणि एक छोटं क्रेडिट कार्ड स्वतःच्या नावावर घ्या आणि पूर्ण बिल डायरेक्ट डेबिटने, म्हणजे खात्यातून आपोआप, जाऊ द्या. कार्ड नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर ठेवू नका. कर्ज दोघांच्या नावावर काढायचं तर दोघांचीही हिस्ट्री लागते.

तिकडच्या एसआयपी आणि एफडीचा हिशेब इथेही द्यावा लागतो. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्याचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे तसं नाही, आणि भारतीय म्युच्युअल फंडांचा नफा इथे बहुधा उत्पन्न म्हणून धरला जातो. नव्याने आलेल्यांना पहिली चार वर्षं परदेशी उत्पन्नावर सवलत मागता येते, पण ती घेतली की त्या वर्षी 12,570 पौंडांची करमुक्त मर्यादा जाते. छोट्या एफडीसाठी हा सौदा सहसा परवडत नाही. कंपनीच्या पेन्शनमधून मात्र बाहेर पडू नका. तिथे मालकाचा वाटा तुमच्या पगाराबाहेरचा असतो.

आता महिन्याची व्यवस्था. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तीन रकमा आपोआप बाहेर पडायला हव्यात: घराची, व्हिसाची आणि आई-वडिलांची. आई-वडिलांना पाठवायचे पैसे 'उरले तर' यावर ठेवू नका. ते ठरलेले असले की घरात त्यावरून कुरबूर होत नाही. त्यांच्या आजारपणासाठी आणि अचानक काढाव्या लागणाऱ्या तिकिटासाठी निदान तीन महिन्यांचा खर्च वेगळा ठेवा, डिपॉझिट कितीही जवळ आलं तरी त्याला हात लावू नका. यानंतर खात्यात जे उरेल ते मोकळेपणाने खर्च करा, त्याचे रुपये करू नका.

घर पसंत पडून बँकेचा होकार आला की किल्ल्या हातात येईपर्यंत काही महिने जातात. त्या काळात नोकरी बदलू नका, सोफा हप्त्यांवर घेऊ नका, नवीन कार्डासाठी अर्ज करू नका. बँक शेवटच्या आठवड्यातही पुन्हा तपासू शकते. सासरे-वडील काही रक्कम भेट देणार असतील तर ती कुठून आली याची कागदपत्रं, त्यांची बँक स्टेटमेंट आणि परत मागणार नाही असं पत्र सॉलिसिटर मागणारच. घरं बघायला सुरुवात करतानाच त्यांना तसं कळवा.