गाडीच्या छताचे लोंबलेले अस्तर घरच्या घरी बदलताना

गाडी जुनी होऊ लागली की छताचे कापड मागच्या काचेजवळ किंवा केबिन लाइटच्या भोवती सुटू लागते. आधी एखादा फुगा दिसतो, मग तो पसरत जातो आणि शेवटी कापड मागे बसलेल्यांच्या डोक्याला टेकते व आरशातून मागचा रस्ताही नीट दिसेनासा होतो. याचे खापर बहुतेक जण गोंदावर फोडतात. प्रत्यक्षात छताचे अस्तर म्हणजे नुसते कापड नसून त्याच्या पाठीवर सुमारे 3 मिलिमीटर जाडीचा फोम असतो आणि हा फोम छताच्या आकारात घडवलेल्या बोर्डावर चिकटवलेला असतो. उष्णतेने आणि दमटपणाने कालांतराने विरतो तो हा फोम. सुटलेल्या कापडामागे बोट फिरवून पाहिले, तर बोटाला किंचित चिकट, पिवळसर किंवा तपकिरी भुकटी लागते. तीच त्या फोमची राख.

हे एकदा ध्यानात आले की तात्पुरते उपाय का टिकत नाहीत, हेही उलगडते. सुईने आत गोंद सोडला, टाचण्या टोचल्या किंवा कापडावर वाफ दिली, तरी कापड पुन्हा त्या भुकटीलाच चिकटते आणि भुकटी सुटली की त्याच्यासह खाली येते. म्हणून बोर्ड बाहेर काढणे, तो पूर्ण स्वच्छ करणे आणि फोम लावलेले नवे कापड बसवणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

सामान आणण्यापूर्वी अस्तरावर पाण्याचे डाग आहेत का, ते पाहावे. तपकिरी कडा असलेला डाग दिसल्यास सनरूफच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्या आहेत का, अँटेनाच्या बुडाशी किंवा छतावरच्या कॅरिअरच्या सांध्यातून पाणी झिरपते का, याचा शोध आधी घ्यावा. गळती तशीच राहिली तर नवे कापडही खराब होणार.

कापड गाडीच्या छतासाठीच बनवलेले, फोमसह मिळणारे घ्यावे. फोम नसलेल्या पातळ कापडातून गोंदाचे डाग वर उमटतात आणि बोर्डाचा प्रत्येक उंचसखल भाग डोळ्यांना खुपतो. बोर्डाची लांबी-रुंदी मोजून चारही बाजूंना किमान 10 ते 15 सेंटिमीटर जास्त कापड धरावे. घेताना पन्हा बोर्डाच्या रुंदीला पुरतो ना, हेही पाहावे. स्प्रे अ‍ॅडहेसिव्ह मात्र निवडून घ्यावे. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत आतली हवाच 60 अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते आणि छताचा पत्रा त्याहून अधिक तापतो. म्हणून डब्यावर उष्णता सहन करण्याची मर्यादा स्पष्ट लिहिलेली आहे आणि ती 70 अंशांहून बरीच वर आहे, हे वाचूनच डबा उचलावा. कागद चिकटवण्याचा साधा स्प्रे पहिल्याच उन्हाळ्यात दगा देतो.

बोर्ड काढण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडून गाडीच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेला वेळ, निदान 10 मिनिटे, थांबावे. अनेक गाड्यांत दारांच्या वर, अस्तराच्या कडेखाली पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग घडी घालून बसवलेली असते. काचांच्या मधल्या, छत पेलणाऱ्या खांबांच्या आवरणावर एअरबॅगची खूण असेल, तर ते आवरण काढण्याची पद्धत त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वाचल्याशिवाय हात घालू नये. काही ठिकाणच्या क्लिप एकदाच वापरण्याजोग्या असतात आणि त्या नव्याच लावाव्या लागतात. मॅन्युअल मिळत नसेल, तर बोर्ड काढणे-बसवणे वर्कशॉपकडे सोपवून कापडाचे काम तेवढे घरी करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर सन व्हायझर, केबिन लाइट, हाताने धरायची हँडले, कोट अडकवण्याचे हूक आणि खांबांची आवरणे काढून दारांच्या चौकटीचे रबर बीडिंग कडेने सैल करावे. स्क्रू बहुधा छोट्या झाकणांखाली दडलेले असतात. झाकणे उचलायला स्क्रूड्रायव्हरऐवजी प्लास्टिकची चपटी पट्टी वापरली तर ओरखडे पडत नाहीत. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढावा. बोर्डाच्या पाठीवर तारा चिकटवलेल्या असू शकतात, त्यामुळे तो खाली ओढण्यापूर्वी सर्व कनेक्टर सुटल्याची खात्री करावी. मग सीट पूर्ण मागे पाडून दोघांनी मिळून बोर्ड डिकीच्या दारातून किंवा पुढच्या दारातून तिरका करून बाहेर काढावा. बोर्ड दिसतो कडक, पण वाकवला की त्याला कायमची घडी पडते आणि ती नव्या कापडातूनही दिसते.

खरे काम इथून पुढे आहे. जुने कापड सोलून बाजूला ठेवावे, कारण छिद्रांच्या जागा ताडून पाहायला ते उपयोगी पडते. मास्क, चष्मा आणि हातमोजे घालून, मोकळ्या हवेत, नायलॉनच्या ब्रशने बोर्डावरचा सगळा फोम झटकून काढावा. तारेचा ब्रश बोर्डाचा पृष्ठभाग उकरतो आणि पातळ द्रावणे त्यात मुरतात, म्हणून दोन्ही टाळावे. बोर्ड काचतंतूंचा असेल तर त्याची कुसळे त्वचेत शिरतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा. कोरडा हात फिरवला असता तळव्याला काहीही लागत नाही, तोपर्यंत ब्रश मारत राहावे. कापड चिकटवण्यापेक्षा या साफसफाईला अधिक वेळ लागतो आणि तो लागू द्यावा. बोर्डाला तडा असल्यास पाठीमागून जाड कापडाची पट्टी चिकटवून ती पूर्ण वाळू द्यावी.

आता नवे कापड बोर्डावर कोरडेच पसरून ते मध्यावर आले आहे ना, ते पाहावे आणि एक अर्धा भाग दुमडून घ्यावा. उघड्या पडलेल्या बोर्डावर आणि फोमवर, दोन्हींवर, सारख्या थराने स्प्रे मारावा. या वाफा पेट घेतात, त्यामुळे आसपास आग किंवा ठिणगी नको. डब्यावर दिलेला वेळ थांबावे. बोट टेकवल्यावर ते चिकटावे, पण गोंद बोटाबरोबर येऊ नये, ही योग्य वेळ. मग मध्यापासून कडेकडे तळव्याने हलकेच कापड बसवत जावे. व्हायझर किंवा लाइटच्या खोलगट जागी कापड वरून ताणून बसवण्याचा मोह होतो, पण असे ताणलेले कापड उन्हात हमखास सुटते. त्याऐवजी आधी खळग्याच्या तळाशी कापड टेकवावे, बोटांच्या टोकांनी ते कोपऱ्यात बसवावे आणि मगच पुढच्या सपाट भागाकडे सरकावे. फार जोर दिला तर फोम चेपतो आणि गोंद वर येतो. अर्धा भाग झाल्यावर दुसऱ्या अर्ध्याला तसेच करावे.

एक दिवस गोंद वाळू दिल्यावर कडेचे जादा कापड कापून सुमारे 2 ते 3 सेंटिमीटर पाठीमागे दुमडून चिकटवावे. जिथे एअरबॅग उघडते, त्या कडेवर मात्र मूळ अस्तराप्रमाणेच कड ठेवावी. जादा घडी, पिना किंवा वाढीव गोंद तिथे नको. लाइटच्या जागी पाठीमागून फुलीच्या आकाराचा छेद द्यावा आणि त्रिकोणी तुकडे मागे वळवावे. स्क्रूच्या जागांना दाभणाचे एक छिद्र पुरते.

बोर्ड परत बसवताना हात स्वच्छ ठेवून सगळे भाग उलट क्रमाने लावावे आणि बॅटरी शेवटी जोडावी. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागलेलाच राहिला, तर गाडी न चालवता तपासून घ्यावी. गोंदाचा वास पूर्ण जाईपर्यंत काचा थोड्या खाली ठेवून गाडी सावलीत उभी करावी.