हँड स्ट्रॅप हातात घालूनच घ्या
नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीत, इतवारी बाजाराच्या रेटारेटीत कॅमेऱ्याचा गळ्यातला पट्टा कुठेही अडकतो. तिथे हँड स्ट्रॅप, म्हणजे कॅमेरा तळहाताशी आवळून धरणारा पट्टाच बरा. घेताना आपला कॅमेरा, आपली सगळ्यात जड लेन्स दुकानात न्या. पट्टा आवळल्यावर तर्जनी शटरवर सहज पोचली पाहिजे, आणि बोटं सैल सोडली तरी कॅमेरा तळव्यातून घसरता कामा नये. करंगळी खाली लोंबत असेल तर दोष पट्ट्याचा नाही, बॉडीच बुटकी आहे. खालून एक्स्टेन्शन ग्रिप, म्हणजे बॉडीची उंची वाढवणारी जोडपकड लावा. पट्ट्याची किंवा ग्रिपची प्लेट कॅमेऱ्याच्या तळाशी ट्रायपॉडसाठी असलेल्या पाव इंची आट्यांत बसते, तेव्हा बॅटरीचं झाकण उघडतंय ना, तेही बघा. चामडं दिसतं झकास, पण नागपूरच्या मे महिन्यात घामाने नुसतं चिकचिकतं. आतून कापडी अस्तर असलेला पट्टा घ्या. प्लेटचा स्क्रू वापरता वापरता ढिला होतो, अधूनमधून आवळत जा.