मॅस्टोडॉन सर्व्हरवर माणसं खरंच वाढली का, हे कसं मोजावं

मॅस्टोडॉन म्हणजे कुणीही स्वतःचा सर्व्हर चालवू शकेल असं सोशल नेटवर्क. त्यावर एकूण खात्यांचा आकडा दाखवून ‘वाढलो’ म्हणण्यात अर्थ नाही. सांगली-तासगावच्या द्राक्ष बागायतदारांसाठी सर्व्हर चालवत असाल, तर त्या आकड्यात सोडून गेलेले, दुसऱ्या सर्व्हरवर हललेले आणि बेदाण्याचे भाव आपोआप टाकणारी बॉट खाती, सगळेच धरलेले असतात.

१. इन्स्टन्स ॲक्टिव्हिटीचा एपीआय (सर्व्हरची आठवडावार आकडेवारी देणारा दुवा) फक्त १२ आठवड्यांचं देतो, म्हणून आकडे दर आठवड्याला शीटमध्ये उतरवा. पहिली नोंद चालू आठवड्याची, म्हणजे अर्धवट, ती वगळा.

२. ईमेल पक्का न केलेली, सस्पेंड झालेली, हललेली आणि बॉट खाती गाळा. एकाच आयपीवरून (इंटरनेट पत्त्यावरून) पाच नोंदण्या आल्या म्हणून लगेच स्पॅम ठरवू नका. मोबाइल नेटवर्कवर एका आयपीमागे कितीतरी ग्राहक असतात, तेव्हा अख्खं गाव बाद व्हायचं.

३. आता तुकड्या पाडा. गाडी अडते ती इथेच. एका आठवड्यात आलेल्यांची एक तुकडी, आणि प्रश्न एकच: २८ दिवसांनंतर त्यातले किती परत आले?

डेटाबेसमध्ये फक्त शेवटच्या साइन-इनची वेळ राहते, मधला इतिहास नाही. त्यामुळे सगळ्या तुकड्या आज एकदम तपासल्या, तर जुन्या तुकडीला परत यायला जास्त दिवस मिळालेले असतात आणि ती उगाच चांगली दिसते. उपाय असा: प्रत्येक तुकडी तिच्या ३५व्या दिवशीच तपासा, शेवटचं साइन-इन २८व्या दिवसानंतरचं असेल तरच माणूस मोजा, आणि निकाल तिथेच गोठवा. नंतर त्याला हात लावायचा नाही.

शिवाय काही ॲप मागच्या मागे टाइमलाइन ओढत राहतात. माणसाने फोन न बघताही साइन-इन पडतं. म्हणून दुसरा रकाना ठेवा: त्याच सात दिवसांत पोस्ट, उत्तर किंवा फेव्हरिट केलेले. पण तो एकटा वापरू नका. बरेच बागायतदार नुसते वाचतात, आणि तेही खरे वापरकर्तेच.

ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी (केवडा रोग) पडलेल्या पानांचे फोटो घेऊन लोक धावत येतात. तेव्हा २८ दिवस म्हणजे अजून हंगामच. ही तुकडी एप्रिलच्या खरड छाटणीला पुन्हा तपासा. तो निकाल वेगळ्या रकान्यात.

४. ऑक्टोबरची तुलना सप्टेंबरशी नको, मागच्या ऑक्टोबरशी करा.

५. नवीन खात्यावर जुन्या खात्याचा अलियास (जुनं खातंही माझंच, असा जोडलेला दुवा) असेल, तर तो माणूस दुसऱ्या सर्व्हरवरून आलेला असण्याची शक्यता जास्त. तुमच्या सर्व्हरची ती वाढ खरी, पण फेडिव्हर्समध्ये, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या अशा सगळ्या सर्व्हरच्या जाळ्यात, माणूस वाढलेला नाही. नोडइन्फोवरचे (सर्व्हर आपली आकडेवारी जाहीर करतात ती ठरावीक पद्धत) ‘महिन्यातले सक्रिय’ जमवून बेरीज करणाऱ्यांनी आणखी एक बघावं: मॅस्टोडॉन साइन-इन मोजतो, लेमी (फेडिव्हर्समधलंच चर्चा-मंचाचं सॉफ्टवेअर) नुसत्या वाचणाऱ्याला मोजत नाही. दोन्ही एका बेरजेत घालू नका.