कोपऱ्यावरची लढाई : स्पर्धात्मक शूटर खेळांतील काही बारीक डावपेच

काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंट यांसारख्या बंदुकांच्या संगणकीय खेळांत नेम पक्का असूनही अनेक खेळाडू सतत आधी मरतात, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा ते कोपऱ्यावरून कसे वळतात यात दडलेले असते. शत्रूला आपण दिसण्यापूर्वी तो आपल्याला दिसला पाहिजे, आणि पुढील बहुतेक युक्त्या एवढ्यासाठीच आहेत.

वळताना भिंतीला चिकटू नये. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खेळाडू असेल, तर जो कोपऱ्यापासून अधिक दूर आहे त्याला समोरचा आधी दिसतो, कारण जवळ उभ्या असलेल्याचे डोळे कडेपलीकडे पोहोचण्याच्या आतच त्याचा खांदा बाहेर आलेला असतो. म्हणून दोन पावले मागे सरकून, अर्धवर्तुळाच्या वाटेने, एका वेळी एकच नवी जागा उघडी पडेल अशा बेताने वळावे. क्रॉसहेअर (पडद्याच्या मध्यावरची नेमाची खूण) या सगळ्या काळात डोक्याच्या उंचीवरच असावा. तो जमिनीकडे झुकला की शत्रू दिसल्यावर आधी माऊस वर न्यावा लागतो आणि तेवढ्यात कारभार आटोपलेला असतो. गोळी झाडण्यापूर्वी थांबणेही आवश्यक आहे, कारण या दोन्ही खेळांत धावताना गोळ्या विखुरतात. उजवीकडे जात असाल, तर डावीकडची कळ क्षणभर दाबल्याने पाय लवकर थांबतात.

एक जागा धरून वाट पाहणाऱ्याने मात्र क्रॉसहेअर भिंतीच्या कडेला टेकवून ठेवू नये. शत्रू दिसल्यापासून बोट दाबले जाईपर्यंत साधारणपणे 200 ते 250 मिलिसेकंद जातात, आणि तेवढ्या वेळात वेगाने बाहेर पडलेला माणूस कडेपासून बराच पुढे गेलेला असतो. म्हणून कड आणि क्रॉसहेअर यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा सोडावी. शिवाय बाहेर पडणाऱ्याची हालचाल सर्व्हरमार्गे तुमच्या पडद्यावर पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे त्याला तुम्ही किंचित आधी दिसता. हा तोटा टाळता येत नाही, पण एकाला मारल्यानंतर लगेच जागा बदलली तर त्याचा मित्र रिकाम्या जागेवर नेम धरून येतो.

समोर स्नायपर (लांबून नेम धरणारा बंदूकधारी) असेल, तर फक्त खांदा दिसेल इतकेच बाहेर येऊन क्षणार्धात मागे फिरावे. त्याने गोळी झाडली, तर काउंटर-स्ट्राइकमधील एडब्ल्यूपी बंदुकीला पुढची गोळी झाडण्यास सुमारे दीड सेकंद लागतो, आणि खरे बाहेर पडण्याची तीच वेळ असते. हीच चाल त्याच स्नायपरवर तिसऱ्यांदा चालेल, अशी आशा मात्र धरू नये.

एकाला मारले की लगेच रीलोड करण्याची, म्हणजे बंदुकीत गोळ्या भरण्याची, सवय (मलाही ती सोडताना फार जड गेले) घातक आहे, कारण तो आवाज जवळच्या शत्रूला तुमच्या असहायतेची वर्दी देतो. गोळ्या संपल्याच, तर पिस्तूल हातात घेणे अधिक जलद असते. पावलांच्या आवाजाचा उपयोग उलटाही करता येतो : एका बाजूला मुद्दाम चार पावले धावावे, आणि मग शिफ्ट दाबून निःशब्दपणे दुसऱ्या बाजूने यावे.

एका संघाने बॉम्ब लावला आणि दुसऱ्याला तो निकामी करायचा असला की सगळा हिशेब सेकंदांचा होतो. काउंटर-स्ट्राइकच्या स्पर्धात्मक सामन्यात बॉम्ब 40 सेकंदांत फुटतो, आणि तो निकामी करायला त्यासाठीचे किट (अवजारांचा संच) असल्यास 5, नसल्यास 10 सेकंद लागतात. व्हॅलोरंटमध्ये स्पाइक (तेथील बॉम्ब) 45 सेकंदांत फुटतो आणि निकामी करायला 7 सेकंद लागतात. मात्र अर्धे काम झाले की ते टिकून राहते, उरलेले नंतर पूर्ण करता येते. त्यामुळे तेथे अर्ध्यापर्यंत पोहोचून उठणे आणि आवाजाने बाहेर ओढल्या गेलेल्या शत्रूला गाठणे ही उत्तम चाल ठरते. काउंटर-स्ट्राइकमध्ये अर्धवट काम टिकत नाही, म्हणून तेथे कळ क्षणभर दाबून सोडणे हे निव्वळ आमिष असते. बॉम्बची राखण करणाऱ्याने पहिल्या आवाजावर बाहेर येऊ नये, तर घड्याळ पाहावे : 5 सेकंदांहूनही कमी वेळ उरला असेल, तर किटवाल्यालाही ते काम जमणार नाही, आणि तुम्ही स्फोटापासून दूर जाऊन हातातली बंदूक पुढच्या राउंडसाठी वाचवू शकता.