मोफत सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना वाटताय? या चुका टाळा

नवीन बॅच आली की पहिल्याच आठवड्यात लॅबच्या टेबलावर पेनड्राइव्ह जमा होतात. गावाकडे नेट धड चालत नाही, रोजच्या डेटा पॅकवर मोठी सेटअप फाइल उतरत नाही, म्हणून सर किंवा मॅडमच सगळं एका फोल्डरमध्ये भरून देतात. हे करायलाच हवं. मात्र फोल्डरमधल्या प्रत्येक सॉफ्टवेअरचं लायसन्स वाटपाबद्दल काय म्हणतं, हे फार थोडे जण उघडून पाहतात.

सगळ्यात मोठा घोटाळा ‘फुकट’ या शब्दापाशीच होतो. वापरायला पैसे लागत नाहीत, म्हणजे वाटायलाही मोकळीक आहे, असं आपण धरून चालतो. एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सचं उदाहरण घ्या. मूळ प्रोग्राम जीपीएल (वापरायची, बदलायची आणि वाटायची मोकळीक देणारं लायसन्स) खाली आहे, तो वाटता येतो; त्याची अट पुढे येईलच. पण त्याच पानावर मिळणाऱ्या एक्स्टेन्शन पॅकचं, म्हणजे जादा सुविधांच्या जोडणीचं, लायसन्स वेगळं आहे. वैयक्तिक आणि शैक्षणिक वापर फुकट, पण प्रती काढून दुसऱ्याला द्यायची परवानगी नाही. तो पॅक विद्यार्थ्याने स्वतःच तो बनवणाऱ्या ओरॅकल कंपनीच्या साइटवरून उतरवायचा. गणित शिकवायच्या जिओजेब्रा या सॉफ्टवेअरची गोष्ट उलटी आहे. प्रत देता येते, पण व्यावसायिक हेतू नसेल तरच. शाळेतल्या गणिताच्या बाईंना अडचण नाही. फी घेणारा खासगी क्लास असेल तर आधी जिओजेब्राच्या निर्मात्यांशी बोलून परवानगी घ्यावी.

आता ज्या चुकीबद्दल मला सर्वात जास्त कळकळीने सांगायचं आहे ती. जीपीएलचं सॉफ्टवेअर, म्हणजे व्हीएलसी, गिम्प यांसारखं, आपण मोकळ्या मनाने वाटतो आणि फक्त इन्स्टॉलर देतो. जीपीएलची मुख्य अट नेमकी इथेच मोडते. चालणारा प्रोग्राम दुसऱ्याला दिला की त्याच आवृत्तीचा सोर्स कोडही, म्हणजे ज्यातून तो प्रोग्राम तयार होतो ते मूळ लेखनही, त्याला मिळायला हवा. ‘मी स्वतः फक्त सेटअप फाइल उतरवली होती’ हे कारण चालत नाही, आणि ‘नेटवर आहेच की’ हेही पेनड्राइव्हवरून दिलेल्या प्रतीला पुरत नाही.

यावर तीन वाटा आहेत. पहिली, आणि शिक्षकासाठी सर्वात सोपी, म्हणजे सोर्स कोड त्याच पेनड्राइव्हवर टाकणे. प्रकल्पाच्या अधिकृत साइटवर तो झिपसारख्या, आकार कमी केलेल्या फाइलच्या रूपात असतो. आवृत्तीचा आकडा इन्स्टॉलरशी तंतोतंत जुळवा, आणि इन्स्टॉलरमध्ये इतर लायब्ररी (प्रोग्रामला लागणारे इतरांचे तयार कोड) भरलेल्या असतील तर त्यांचाही कोड घ्या. दुसरी वाट म्हणजे मागेल त्याला सोर्स कोड देईन, असं लेखी देणं. हे वचन किमान ३ वर्षं पाळावं लागतं. मधेच बदली झाली तर मागणी कुणाकडे करायची? म्हणून ही वाट मी कुणाला सुचवत नाही. तिसरी, जिथे नेट बरं आहे तिथे प्रत न देता अधिकृत साइटचा पत्ताच द्यावा. मग वाटप आपण करतच नाही.

लॅबमधल्या कॉलेजच्या मालकीच्या संगणकांवर हेच सॉफ्टवेअर टाकलं, तर एकाच संस्थेतल्या प्रतींना जीपीएल वाटप मानत नाही. जबाबदारी सुरू होते ती विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लॅपटॉपमध्ये प्रत गेली की. सोर्स कोड उघडणारे विद्यार्थी वर्गात दोन-तीनच निघतील, हे खरं. पण त्या दोघा-तिघांसाठीच तर ही अट आहे. प्रोग्राम आतून कसा चालतो हे पाहण्याचा हक्क त्यांना मूळ लेखकाने दिला आहे, तो आपण मधल्या मधे गाळू नये.

‘फक्त आपल्या कॉलेजपुरतं, बाहेर देऊ नका’ अशी सूचना फोल्डरवर लिहिणं, किंवा तशी सही घेणं, ही सद्हेतूने होणारी चूक. जीपीएलमध्ये स्वतःच्या जादा अटी घालता येत नाहीत. विद्यार्थ्याने ती प्रत धाकट्या भावाला, शेजारच्या कॉलेजातल्या मैत्रिणीला द्यावी, हे लायसन्सला मान्यच आहे. पैसे घेतले तर गुन्हा, ही समजूतही चुकीची. डीव्हीडीचे वीस-तीस रुपये घेतले तरी जीपीएल आड येत नाही.

फोल्डर ‘नीटनेटकं’ करताना लायसन्सची मजकूर-फाइल उडवू नका. ती सोबत जाणं बंधनकारक आहे. कोडमध्ये बदल करून कॉलेजचं नाव टाकलं असेल तर बदल केल्याची नोंद तारखेसह हवी. नाव आणि बोधचिन्ह हा आणखी वेगळा विषय, तो ट्रेडमार्कखाली येतो. फायरफॉक्सचा कोड मोकळा आहे, पण बदललेल्या प्रतीला ते नाव मोझिलाच्या संमतीशिवाय लावता येत नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीने २००६ पासून दहा वर्षं हाच ब्राउझर आइसवीझल या नावाने दिला, त्यामागे हाच वाद होता.

मराठी टायपिंगसाठी फॉन्ट देताना तर फारच कमी लोक थांबून विचार करतात. दुकानातल्या संगणकावरून उचललेला विकतचा फॉन्ट अख्ख्या वर्गात पसरतो. गरजच नाही. नोटो सान्स देवनागरी आणि मुक्ता हे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. लायसन्सची फाइल सोबत ठेवून हवे तितक्यांना द्या. नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही, एवढं सांभाळा.

प्रोजेक्टसाठी गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवरून कोड घेताना लायसन्सच दिसलं नाही, तर तो कोड मोकळा आहे असं समजू नये. लायसन्स नाही म्हणजे वाटपाची परवानगी नाही. लेखकाला तिथेच विचारा.

आणि वाटप होऊन गेलं असेल तर? जीपीएल आवृत्ती ३ मध्ये सुधारायला जागा ठेवली आहे. सॉफ्टवेअरच्या कॉपीराइट हक्कधारकाकडून पहिल्यांदाच सूचना आली आणि ३० दिवसांत चूक दुरुस्त केली, तर आपले हक्क कायमचे परत मिळतात. आवृत्ती २ मध्ये ही सवलत नाही. अट मोडली की वाटणाऱ्याचा हक्क आपोआप संपतो, पण ज्या विद्यार्थ्यांना प्रत मिळाली त्यांचे हक्क शाबूत राहतात. सूचनेची वाट पाहत बसू नका. सोर्स कोडचं फोल्डर तयार करा, बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळवा आणि पुढच्या प्रॅक्टिकलला पेनड्राइव्ह पुन्हा मागवून घ्या.