ऑनलाइन दुकान काढताय? आधी परत येणाऱ्या पार्सलचा बंदोबस्त करा

माल तयार आहे, कापड कुठून घ्यायचं ते ठरलंय आणि शिवणाऱ्यांची मजुरी ठरली आहे, असं मी धरून चालते. खणाच्या पिशव्या, बटवे, पाऊच असा हलका, न फुटणारा, न नासणारा माल डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिते आहे. खाद्यपदार्थ विकणार असाल तर एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेच्या परवान्याचं, प्रकरण वेगळं आहे, ते इथे घेत नाही.

या विषयावरचे बहुतेक सल्ले वेबसाइटच्या रंगसंगतीपासून सुरू होतात आणि जाहिरातींवर संपतात. छोटी दुकानं बंद पडतात ती मात्र पाठवलेला माल गिऱ्हाइकाने घेतलाच नाही म्हणून. त्यामुळे बाकीच्या पायऱ्या मी भराभर उरकणार आहे.

कागदपत्रं

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारदरबारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते. तिचे पैसे मागणारा एजंट आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. दुकानाच्या नावाने चालू खातं काढा.

जीएसटीवर मात्र दोन मिनिटं थांबा. ‘चाळीस लाखांपर्यंत काही लागत नाही’ असं सगळीकडे सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे, पण ती राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला. पणजीला किंवा बेळगावला एक पिशवी पाठवलीत की ती आंतरराज्य विक्री झाली, आणि तिथे ही सूट चालत नाही. ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना वेगळी सवलत आहे. आपली वस्तू त्या यादीत बसते का, हे सीएला दाखवून घ्या. मोठ्या मार्केटप्लेसवरून, म्हणजे अनेक विक्रेत्यांचा माल एकत्र मांडणाऱ्या साइटवरून, विकणाऱ्यांसाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम थोडा सैल झाला आहे. उलाढाल मर्यादेत असेल आणि माल आपल्याच राज्यात जाणार असेल, तर जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेऊन विकता येतं. माझं मत विचाराल तर परराज्यातली गिऱ्हाइकं येणारच आहेत, नोंदणी सुरुवातीलाच करून टाका.

दुकानाची जागा

पहिल्या काही ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगवर आणि यूपीआयवर घ्या. लोक कोणते प्रश्न विचारतात ते तिथे कळतं, आणि तेच प्रश्न पुढे वेबसाइटच्या मजकुरात उत्तरासकट जातात. नंतर स्वतःची वेबसाइट उभी करायला शॉपिफाय घ्या किंवा वूकॉमर्स, माझ्या दृष्टीने फार फरक पडत नाही. पेमेंट गेटवेवाले, म्हणजे वेबसाइटवर ऑनलाइन पैसे घेऊन देणारे, मंजुरी देण्याआधी परतावा, गोपनीयता, अटी आणि संपर्क ही पानं बघतात, ती आधी लिहून ठेवा.

फोटो

सकाळच्या खिडकीतल्या उजेडात, फ्लॅश न लावता काढा. खणाचा ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे कोन बदलला की रंग बदलतो. एकाच पिशवीचे दोन कोनांतून फोटो द्या आणि रंगाचं नाव शब्दांतही लिहा. मापं सेंटिमीटरमध्ये द्याच, पण पिशवीत जेवणाचा डबा ठेवलेला एक फोटो त्याहून जास्त काम करतो.

पॅकिंग

खोकं वापरू नका. कुरियर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे लावतो. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. काही कंपन्यांचा भाजक याहून लहान असतो, म्हणजे वजन आणखी फुगतं. ३०० ग्रॅमची पिशवी ३० × २५ × १० च्या खोक्यात घातलीत तर हिशेबाला दीड किलो धरली जाते. तीच पिशवी घडी घालून तेवढ्याच लांबी-रुंदीच्या, ३ सेंटिमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या कुरियर पाकिटात बसवलीत तर ४५० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोच्या दरात. प्रत्येक पार्सलचा काट्यावर ठेवून एक आणि मोजपट्टी लावून एक, असे दोन फोटो ठेवा. वजनावरून वाद निघाला की तेवढाच पुरावा लागतो.

कॅश ऑन डिलिव्हरी आणि परत येणारी पार्सलं

मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथे. कॅश ऑन डिलिव्हरी, म्हणजे सीओडी: पार्सल हातात पडल्यावर पैसे. ‘सीओडी ठेवलं नाही तर गिऱ्हाईक येत नाही’ हे प्रत्येक जण सांगतो. परत आलेल्या पार्सलचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, ते कोणी सांगत नाही.

गणित मांडते, जीएसटी बाजूला ठेवून. समजा पिशवी ६०० रुपयांची आहे. कापड आणि शिलाई २८०, पॅकिंग २०, कुरियर ८०, सीओडीसाठी कुरियरचं शुल्क ४०. पार्सल पोहोचलं तर हातात १८० रुपये उरतात. नाही पोहोचलं तर जातानाचे ८०, परतीचे ७० आणि पॅकिंगचे २०, असे १७० रुपये बुडाले. दहा पार्सलं पाठवली आणि तीन परत आली, तर सातांवरचे १२६० वजा ५१०, उरले ७५०.

आता सीओडी बंद करा आणि आधी पैसे भरणाऱ्याला ४० रुपये सूट द्या. ५६० मधून माल, पॅकिंग, कुरियर आणि गेटवेचे साधारण १३ रुपये वजा केले की १६७ उरतात. ते तीन जण मागवतच नाहीत असं धरलं, तरी सात पार्सलांवर ११६९ रुपये मिळाले. शिवाय तीन पिशव्या कोऱ्या करकरीत घरातच राहिल्या. परत येणारी पिशवी पंधरवडा रस्त्यात फिरते, चुरगळून येते, आणि तेवढ्या काळात दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. सीओडीची रक्कमही कुरियरकडून लगेच मिळत नाही, आठवडा-दहा दिवस सहज जातात. छोट्या दुकानाचं भांडवल असं वाटेतच अडकून पडतं.

तरी गिऱ्हाइकाची भीती खरी आहे. अनोळखी दुकानाला आधी पैसे कोण देणार? सरसकट सीओडी बंद करा असं म्हणूनच मी म्हणत नाही. मधला रस्ता असा: सीओडी हवं असेल तर १०० रुपये आगाऊ यूपीआयने घ्या, बाकीचे पार्सल हातात पडल्यावर. ज्याला वस्तू खरंच हवी आहे तो १०० रुपये भरतो. नुसतं बटण दाबून बघणारा तिथेच गळतो. पार्सल परत आलंच तर निदान जातानाचं भाडं निघालेलं असतं. मात्र ही रक्कम केव्हा परत मिळणार आणि केव्हा नाही, हे ऑर्डर देण्याआधीच स्पष्ट दिसलं पाहिजे. लपवलेल्या अटीने गिऱ्हाईक कायमचं जातं, आणि जायलाच हवं.

पत्ता

परत येण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे अर्धवट पत्ता, आणि याचा दोष मी गिऱ्हाइकाला देत नाही. तयार वेबसाइटच्या फॉर्ममध्ये पत्त्याच्या दोन रिकाम्या ओळी, शहर आणि पिन असतो. तो फॉर्म मोठ्या शहरातल्या इमारतींसाठी ठीक आहे. आपल्याकडे मुक्काम एक, पोस्ट शेजारच्या गावचं, आणि वडगाव नावाची गावं कितीतरी तालुक्यांत. म्हणून फॉर्म बदलून घ्या. मु., पो., ता., जि. असे चार वेगळे रकाने, जवळची खूण हा पाचवा आणि पर्यायी मोबाइल नंबर हा सहावा. शॉपिफायमध्ये जमत नसेल तर ऑर्डर आल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर हेच विचारा, पण विचाराच.

पिन कोड डोळ्यांखालून घाला. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू आहे आणि दुकानदाराला ती आजही फुकटात वाचवते. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. महाराष्ट्राचे पिन ४० ते ४४ ने सुरू होतात, गोव्याचे ४०३ ने. पुणे ४११, कोल्हापूर ४१६, नाशिक ४२२, नागपूर ४४०, एवढे तरी पाठ करा. पत्त्यात कोल्हापूर आणि पिन ४११ ने सुरू होणारा दिसला, तर फोन केल्याशिवाय पार्सल हलवू नका. बहुतेक वेळा माणूस पुण्यात नोकरीला असतो आणि वस्तू गावी आईला पाठवायची असते, किंवा उलट.

खासगी कुरियर ज्या पिनला सेवा नाही म्हणतो, तिथे स्पीड पोस्ट. टपाल खात्याची देशात दीड लाखाहून जास्त कार्यालयं आहेत, याचा फायदा घ्या.

पार्सल निघाल्यावर

रोज संध्याकाळी कुरियरच्या पॅनेलवर, म्हणजे त्यांच्या साइटवरच्या आपल्या खात्यात, न पोहोचलेल्या पार्सलांची यादी उघडायची. ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा दिसला की त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाला फोन करा. पुष्कळदा ते दिवसभर घरीच असतात आणि त्यांना कोणाचा फोन आलेला नसतो. तसं असेल तर पॅनेलवर लेखी तक्रार टाका आणि फेरी पुन्हा मागा. दोन-तीन फेऱ्यांनंतर पार्सल आपोआप परतीला लागतं, म्हणून उद्या बघू म्हणून चालत नाही. पार्सल गावात पोहोचलं की ‘आज येईल, फोन जवळ ठेवा, एवढे पैसे बाकी आहेत’ असा मराठीत निरोप पाठवा. याच एका निरोपामुळे माझी परतीची पार्सलं सगळ्यात जास्त कमी झाली.

लेबल आणि तक्रारी

पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग, माप, सर्व करांसह एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापा. महिना-वर्ष सोडून हीच माहिती वेबसाइटवरही हवी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल एका महिन्यात. एकट्याचं दुकान असेल तर ते नाव तुमचंच.

वाणाच्या ऑर्डरी

खणाच्या वस्तूंचा खरा हंगाम संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा. पन्नास-पन्नास बटव्यांच्या ऑर्डरी येतात, त्यात निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय कापड कापू नका, अगदी नात्यातल्या असल्या तरी. रंग आणि नग लिहून घ्या, आणि ‘मिळतेजुळते रंग चालतील का’ हे विचारून त्याचं उत्तरही लेखी घ्या. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, पण त्या दिवसांत कुरियरला उशीर होतोच. म्हणून रथसप्तमीच्या दहा दिवस आधी वाणाच्या ऑर्डरी बंद करा आणि ती तारीख डिसेंबरातच दुकानाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लावा.